एक नाव, तीन नोंदी: मल्टिसाइटवर स्वतःचं डोमेन जोडताना

नवं डोमेन घेतलं, वर्डप्रेस मल्टिसाइट नेटवर्कच्या अ‍ॅडमिनमध्ये जाऊन साइटच्या पत्त्याच्या रकान्यात ते लिहिलं, सेव्ह केलं आणि ब्राउझरमध्ये टाकून पाहिलं. कुणाला ‘सर्व्हर सापडत नाही’ असं दिसतं, कुणाला ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा, तर कुणाला नेटवर्कचं ‘नवी साइट नोंदवा’ हे पान. तिघंही मदत मागताना एकच वाक्य म्हणतात: मॅपिंग होत नाहीये. पण या तीन वेगळ्या अडचणी आहेत, तीन वेगळ्या ठिकाणच्या, आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही.

डोमेन मॅपिंग ही एकच सेटिंग आहे, असं समजून लोक कामाला लागतात आणि तिथेच फसतात. नाव तीन जागी नोंदवावं लागतं: डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, वेब सर्व्हरवर आणि वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये. या तिघांची आपसात काहीही ओळख नसते. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं होत जातं.

आधी मल्टिसाइट म्हणजे काय ते थोडक्यात. साइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची एकच प्रत, एकच डेटाबेस, पण आत अनेक साइट. पूर्वी यासाठी ‘वर्डप्रेस एमयू’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर होतं. जून २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत ते मूळ वर्डप्रेसमध्येच सामावून घेतलं गेलं. प्लगइन आणि थीम सगळ्या साइटना सामाईक, वापरकर्त्यांचा तक्ताही सामाईक, मात्र लेख, प्रतिक्रिया आणि सेटिंग यांचे तक्ते प्रत्येक साइटचे स्वतंत्र असतात. एकाच इमारतीत पन्नास बिऱ्हाडं असावीत, तसं. नवी साइट उघडली की तिला नेटवर्कच्याच नावाखालचा पत्ता मिळतो. उदाहरणापुरतं नेटवर्कचं नाव ‘जाळं डॉट कॉम’ धरू. मग तुमची साइट ‘कविता डॉट जाळं डॉट कॉम’ या सबडोमेनवर असेल, किंवा ‘जाळं डॉट कॉम’नंतर तिरकी रेघ देऊन ‘कविता’ अशा उपपत्त्यावर. आता तुम्ही ‘माझीकविता डॉट कॉम’ विकत घेतलंत आणि तीच साइट त्या नावाने उघडावी असं तुम्हाला वाटतं. यालाच मॅपिंग म्हणतात. साइट जागची हलत नाही, फाइलही हलत नाहीत. बदलतं ते दारावरचं नाव.

हे सगळं करावंच का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे, आणि लवकर करावं. तुमच्या लेखांचे दुवे इतर लोक देतात, शोधयंत्रं ते लक्षात ठेवतात, वाचक बुकमार्क करून ठेवतात. हे सगळं वर्षानुवर्षं ज्या नावावर साठत जातं ते नाव तुमचं नसेल, तर नेटवर्क सोडायच्या दिवशी सगळं मागे राहतं. स्वतःचं नाव असेल तर इमारत बदलता येते आणि वाचकाला पत्ता बदलल्याचं कळतही नाही. दहा लेख असताना हे काम अर्ध्या तासाचं असतं. हजार लेख झाल्यावर त्यातला निम्मा वेळ जुने दुवे सावरण्यात जातो.

नाव टाइप केल्यावर काय होतं

ब्राउझर आधी डीएनएसला विचारतो की हे नाव कोणत्या आयपी पत्त्यावर, म्हणजे सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर, आहे. पत्ता मिळाला की त्या सर्व्हरशी कनेक्शन जोडतो आणि सुरक्षित बोलणं सुरू करताना सांगतो, ‘मला अमुक नावाशी बोलायचंय.’ सर्व्हरने त्या नावाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते पटलं की ब्राउझर पानाची मागणी करतो आणि त्या मागणीत ‘होस्ट’ नावाच्या ओळीत डोमेन पुन्हा लिहितो.

ही होस्टची ओळ फार मोलाची आहे. वेबच्या सुरुवातीच्या काळात ती मागणीचा भाग नव्हती. मागणी फक्त आयपी पत्त्यावर यायची, त्यामुळे दर डोमेनला वेगळा आयपी लागायचा. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ आलं आणि ही ओळ सक्तीची झाली. आज एकाच पत्त्यावर शेकडो साइट सुखाने नांदतात त्या या एका ओळीच्या जोरावर. वर्डप्रेसही तिच्याकडेच बघतं. ‘डब्ल्यूपी ब्लॉग्ज’ या तक्त्यात प्रत्येक साइटचं डोमेन आणि उपपत्ता लिहिलेला असतो. मागणीतलं नाव त्या तक्त्यात सापडलं तर ती साइट उघडते. सापडलं नाही, तर सबडोमेन पद्धतीचं नेटवर्क पाहुण्याला सहसा नोंदणीच्या पानावर नेऊन सोडतं. म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं ते नोंदणीपान खरं तर अर्धी चांगली बातमी आहे: डीएनएस बरोबर आहे, सर्व्हरही बरोबर आहे, फक्त वर्डप्रेसच्या वहीत हे नाव चढलेलं नाही.

वर्डप्रेसमधली नोंद

तिघांत हीच सगळ्यात सोपी. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या ४.५ आवृत्तीपासून यासाठी वेगळ्या प्लगइनची गरज उरलेली नाही. त्याआधी मॅपिंगचं एक प्लगइन बसवावं लागायचं, ‘सनराइज’ नावाची फाइल डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये ठेवावी लागायची आणि कॉन्फिग फाइलमध्ये तिची ओळ घालावी लागायची. जुनी मार्गदर्शनं अजूनही हेच सांगतात. एका साइटला एकच डोमेन द्यायचं असेल तर ती वाट सोडून द्या. एकाच साइटला एकाच वेळी अनेक नावं हवी असतील, तर मात्र आजही जादा सोय लागते, कारण मूळ वर्डप्रेसमध्ये एका साइटला एकच पत्ता असतो.

नेटवर्क अ‍ॅडमिनमध्ये ‘साइट्स’ उघडा, हव्या त्या साइटखाली ‘एडिट’ दाबा, पत्त्याच्या रकान्यात नवं नाव एचटीटीपीएससकट पूर्ण लिहा आणि सेव्ह करा. संपलं. साइट आधी उपपत्त्यावर असेल तर तो शेवटचा ‘कविता’ हा तुकडा आता काढून टाका. हे करायला नेटवर्कचा सुपर अ‍ॅडमिन लागतो. साध्या साइट अ‍ॅडमिनला हा रकाना दिसतच नाही. नेटवर्कच्या मुख्य साइटचा पत्ता मात्र इथून बदलायला जाऊ नका. तो कॉन्फिग फाइलमध्येही लिहिलेला असतो, आणि दोन्हीकडे वेगळं झालं तर अख्खं नेटवर्क बंद पडतं.

‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावायचं की नाही? दोन्ही चालतात, पण एकदा ठरवा आणि मग बदलू नका. वर्डप्रेसच्या वहीत बिनाउपसर्गाचं नाव असेल आणि पाहुणा उपसर्ग लावून आला, तर वर्डप्रेस त्याला ओळखतं. उलट असेल तर ओळखत नाही. म्हणून उपसर्गासकट पत्ता निवडणाऱ्यांनी बिनाउपसर्गाचं नाव सर्व्हरवरूनच तिकडे वळवायला हवं.

डोमेन देवनागरी लिपीतलं असेल तर आणखी एक बारकावा आहे. डीएनएसची यंत्रणा इंग्रजी अक्षरांवर उभी आहे, त्यामुळे ब्राउझर देवनागरी नाव ‘प्युनीकोड’मध्ये बदलूनच पुढे पाठवतो. ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं ते विचित्र दिसणारं नाव म्हणजे हेच. होस्टच्या ओळीत तेच रूप येतं, म्हणून वर्डप्रेसच्या वहीतही तेच लिहा.

डीएनएस

इथे लोकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

तुमच्यासमोर दोन प्रकारचे रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी, असतात. ए रेकॉर्ड सांगतो की या नावाचा आयपी पत्ता हा. नव्या प्रकारच्या लांब आयपी पत्त्यांसाठी त्याचा भाऊ आहे, चार ए असलेला रेकॉर्ड. सीनेम रेकॉर्ड पत्ता सांगत नाही. तो म्हणतो, ‘मी म्हणजे तो अमुक. माझ्याबद्दलचं सगळं त्यालाच विचारा.’ नेटवर्क दुसऱ्या कुणाचं असेल तर सीनेम सोयीचा, कारण उद्या त्यांनी सर्व्हर बदलला तरी तुम्हाला काही करावं लागत नाही.

मग मुळावर, म्हणजे ‘माझीकविता डॉट कॉम’ या उघड्या नावावर, सीनेम का टाकता येत नाही? नियम असा की ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा रेकॉर्ड असू शकत नाही. ‘सगळं त्यालाच विचारा’ म्हटल्यावर स्वतःची वेगळी माहिती ठेवणं विसंगत ठरतं. आणि डोमेनच्या मुळावर तर नेमसर्व्हरचे, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरचे, रेकॉर्ड असावेच लागतात, सहसा ईमेलचेही असतात. म्हणून मुळावर ए रेकॉर्ड टाकायचा आणि उपसर्गाच्या नावावर सीनेम. काही डीएनएस सेवा मुळासाठी ‘एलियास’ किंवा ‘सीनेम फ्लॅटनिंग’ देतात. त्यात सेवा स्वतःच समोरच्या नावाचा पत्ता शोधून काढते आणि विचारणाऱ्याला ए रेकॉर्ड म्हणून देते. मिळत असेल तर जरूर वापरा.

‘डीएनएस जगभर पसरायला ४८ तास लागतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. पसरत काहीच नाही. तुम्ही रेकॉर्ड बदलला की नेमसर्व्हर साधारण लगेचच नवं उत्तर देऊ लागतो. अडचण असते ती आधी विचारून गेलेल्यांची. प्रत्येक उत्तराबरोबर टीटीएल नावाचा सेकंदांतला आकडा जातो: हे उत्तर इतका वेळ जपून ठेवायला हरकत नाही. तो ८६४०० असेल तर जुनं उत्तर दिवसभर कुणाच्या तरी कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, टिकून राहतं, ३०० असेल तर पाच मिनिटं. म्हणून बदल करायच्या आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवायचा. बदलाच्या क्षणी कमी करून उपयोग नाही. जुनी उत्तरं जुना आकडा घेऊन आधीच बाहेर पडलेली असतात.

आणि हे फार थोडे जण सांगतात: ‘नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवलं जातं. तुम्ही उत्साहाच्या भरात रेकॉर्ड टाकायच्या आधीच नवं नाव ब्राउझरमध्ये टाकून पाहिलंत, तर डीएनएसने ‘असं नाव नाही’ असं सांगितलं आणि तुमच्या इंटरनेट सेवेच्या कॅशने ते लिहून ठेवलं. नंतर रेकॉर्ड टाकला तरी ती मुदत संपेपर्यंत तुम्हाला ‘सापडत नाही’ हेच दिसत राहतं. तिकडे मित्राच्या घरी साइट उघडते आणि तुम्ही सेटिंग उलटसुलट करत बसता. रेकॉर्ड आधी, डोकावणं नंतर.

डीएनएसबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही मी जीव तोडून सांगतो. नेटवर्क किंवा होस्टिंगवाले कधी कधी म्हणतात, ‘नेमसर्व्हर आमच्याकडे वळवा, बाकी आम्ही बघतो.’ नेमसर्व्हर वळवणं म्हणजे एक रेकॉर्ड बदलणं नाही, सगळी वहीच दुसऱ्याच्या हातात देणं आहे. जुन्या वहीत ईमेलचे एमएक्स रेकॉर्ड असतील आणि नव्या वहीत कुणी ते उतरवून घेतले नाहीत, तर साइट झकास चालते आणि मेल येणं बंद होतं. माझ्या ओळखीतल्या एका मंडळाचं असंच झालं. साइट उघडल्याच्या आनंदात चार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही की पत्रं येत नाहीयेत. नुसता ए रेकॉर्ड बदलून भागत असेल तर तेवढाच बदला. नेमसर्व्हर वळवायचेच असतील तर आधी जुन्या वहीतल्या प्रत्येक रेकॉर्डची नक्कल काढा.

सर्व्हर आणि प्रमाणपत्र

डीएनएसने पाहुण्याला दारापर्यंत आणून सोडलं. आता दारावरच्या वेब सर्व्हरला हे नाव माहीत हवं. अपाचीत ते ‘सर्व्हर एलियास’मध्ये लिहितात, एन्जिनएक्समध्ये ‘सर्व्हर नेम’मध्ये. कंट्रोल पॅनेल वापरत असाल तर डोमेन जोडताना ते नवा रिकामा फोल्डर बनवू पाहतं. तसं होऊ देऊ नका. नवं नाव नेटवर्क जिथे आहे त्याच फोल्डरकडे दाखवायचं असतं. ‘साइट लवकरच येत आहे’ छापाचं कोरं पान दिसलं, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

प्रमाणपत्राचं सांगायचं तर नेटवर्ककडे ‘जाळं डॉट कॉम’च्या सगळ्या सबडोमेनना चालणारं वाइल्डकार्ड प्रमाणपत्र असलं तरी ते तुमच्या नावाला लागू होत नाही. वाइल्डकार्ड फक्त त्याच नावाखालची एक पायरी झाकतं. ‘माझीकविता डॉट कॉम’ला स्वतःचं प्रमाणपत्र हवं, आणि उपसर्गासकटचं रूपही त्यात घालायला हवं.

लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेमुळे हे फुकट आणि आपोआप होतं. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांची सेवा सगळ्यांसाठी खुली झाली, तेव्हापासून नेटवर्कवर शेकडो डोमेन सांभाळणं माणसाच्या आवाक्यात आलं. नाव तुमचंच आहे हे ते असं पडताळतात: एक विशिष्ट फाइल तुमच्या साइटवर ठेवायला सांगतात आणि पोर्ट ८० वरून ती वाचून बघतात. म्हणजे डीएनएस सर्व्हरकडे वळल्याशिवाय हे प्रमाणपत्र मिळणारच नाही. आधी हवं असेल तर दुसरी पद्धत आहे, डीएनएसमध्ये एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराचा, रेकॉर्ड टाकून पटवून देण्याची. पडताळणी फसली तर बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. सारखं अपयश आलं तर ते तुम्हाला तासभर थांबवतात. कारण शोधा आणि मग एकदाच दाबा. डोमेनवर सीएए नावाचा रेकॉर्ड आहे का तेही पाहा. कोणत्या संस्थेने या नावाचं प्रमाणपत्र द्यावं हे तो ठरवतो. त्यात दुसऱ्याच संस्थेचं नाव असेल तर सगळं बरोबर असूनही नकार येतो.

नूतनीकरण हाताने करायचा विचार मनातही आणू नका. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची मुदत ९० दिवसांची राहिली आहे, आणि ब्राउझर व प्रमाणपत्र संस्था यांनी मिळून ठरवलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२९ पासून कोणतंही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही.

लॉगिन आणि जुने दुवे

साइट नव्या नावाने उघडली, पण लॉगिन करताना ‘कुकीज बंद आहेत’ असा संदेश येतो, किंवा पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचंच पान दिसतं. सबडोमेन पद्धतीच्या नेटवर्कवर हे हमखास होतं. वर्डप्रेस तिथे कुकीवर नेटवर्कचं नाव लिहितं, जेणेकरून सगळ्या सबडोमेनवर ती चालावी. पण ‘माझीकविता डॉट कॉम’वरून आलेली आणि ‘जाळं डॉट कॉम’चं नाव सांगणारी कुकी ब्राउझर नाकारतो. नाकारायलाच हवी, नाहीतर कोणतीही साइट कुणाच्याही नावाने कुकी ठेवू शकली असती. उपाय कॉन्फिग फाइलमध्ये: ‘कुकी डोमेन’ या स्थिरांकाची किंमत ठरावीक नाव न ठेवता, मागणी ज्या होस्टवर आली तोच ठेवायचा. याचाच दुसरा परिणाम असा की नेटवर्कच्या मुख्य साइटवर लॉगिन असलात तरी मॅप केलेल्या नावावर पुन्हा लॉगिन करावं लागतं. ती बिघाडाची खूण नाही.

आता जुना पत्ता. मॅपिंग करताच वर्डप्रेसच्या वहीतून ‘कविता डॉट जाळं डॉट कॉम’ पुसलं जातं, कारण रकाना एकच आहे. त्या नावावर येणारे वाचक आता नोंदणीपानावर किंवा ‘पान सापडलं नाही’वर जाऊन आदळतात. म्हणून सर्व्हरवर जुन्या नावावरून नव्या नावाकडे कायमचं ३०१ वळण लावायचं, आणि तेही पूर्ण पत्त्यासकट. प्रत्येक जुना लेख त्याच लेखावर गेला पाहिजे. सगळ्यांना मुखपृष्ठावर नेऊन सोडणं म्हणजे पुस्तकातलं पान मागणाऱ्याच्या हातात बंद पुस्तक देणं.

लेखांच्या मजकुरात जुन्या नावाचे दुवे आणि चित्रांचे पत्तेही असतातच. ते बदलायला डेटाबेसमध्ये थेट ‘हे शोधा, ते टाका’ चालवू नका. वर्डप्रेस आणि प्लगइन पुष्कळ सेटिंग अशा स्वरूपात साठवतात की मजकुरासोबत त्याची लांबीही लिहिलेली असते. नाव लहानमोठं झालं आणि लांबीचा आकडा तोच राहिला, तर ती सेटिंग वाचताच येत नाही. विजेट गायब होतात, थीमची मांडणी कोरी पडते. डब्ल्यूपी-सीएलआय या, आज्ञा टाइप करून वर्डप्रेस सांभाळायच्या साधनाची ‘सर्च रिप्लेस’ आज्ञा हा आकडाही दुरुस्त करते. ती आधी ‘ड्राय रन’ लावून चालवा, म्हणजे किती ठिकाणी बदल होणार ते नुसतं दिसेल, आणि ‘जीयूआयडी’चा रकाना वगळा. फीड वाचणारी सॉफ्टवेअर त्यावरून लेख ओळखतात. तो बदलला तर जुने लेख वाचकांना नवे म्हणून पुन्हा दिसू लागतात. सगळं होऊनही चिन्हांच्या जागी चौकोन दिसत असतील, तर फाँट अजून जुन्या नावावरून मागवला जातोय.

कोणत्या क्रमाने करायचं

वर्डप्रेसमधला बदल सगळ्यात शेवटी. तो आधी केला तर साइट जुन्या नावावरून उठते आणि नव्या नावावर अजून पोहोचलेली नसते. आधी टीटीएल कमी करा, सर्व्हरला नाव सांगा, रेकॉर्ड टाका, प्रमाणपत्र मिळवा, आणि मगच रकाना बदला. मध्ये कुणी नव्या नावावर आलंच तर त्याला नोंदणीपान दिसेल, बाकी काही बिघडत नाही. जगाला दाखवण्याआधी स्वतः पाहायचं असेल तर आपल्या संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये नवं नाव आणि सर्व्हरचा आयपी लिहा. डीएनएस न बदलताही तुमच्या एकट्याच्या ब्राउझरला नवी वाट दिसते. पाहून झालं की ती ओळ काढायला विसरू नका, नाहीतर पुढे कधीतरी खरा बिघाड तुम्हाला एकट्यालाच दिसणार नाही.

अडलं तर ‘डिग’ या आज्ञेने नावाचा पत्ता विचारा. उत्तरच नाही किंवा भलताच आयपी आला, तर डीएनएस. आयपी बरोबर पण प्रमाणपत्राचा इशारा किंवा कोरं पान, तर सर्व्हर. नोंदणीपान, तर वर्डप्रेसची वही. साइट दिसते पण लॉगिन फिरत राहतं, तर कुकी.

कधी मॅपिंग काढायची वेळ आली तर क्रम असा: आधी डीएनएसमधला रेकॉर्ड काढा, मग नेटवर्कवरची नोंद. नोंद काढली आणि सीनेम तसाच राहिला, तर तुमचं नाव अजूनही त्या नेटवर्कच्या दारात पाहुणे पाठवत असतं, आणि तिथे दुसऱ्या कुणी तेच नाव आपल्या साइटला जोडलं तर ते पाहुणे त्याच्याकडे जातात. चांगली नेटवर्क टीएक्सटी रेकॉर्डने मालकी तपासल्याशिवाय नाव जोडू देत नाहीत, पण सगळी तपासतातच असं नाही. रेकॉर्ड काढल्यावर जुन्या टीटीएलइतका वेळ थांबा आणि मगच नेटवर्कवरून नाव पुसा.